डोके ज्याचे, केस कोणाचे?

पैनगंगा ओलांडून टिपेश्वरच्या रानातला वाघ भीमपूरच्या शिवारात आला, तर त्याची चर्चा गावात दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी कापसाच्या भावाचा विषय निघतो आणि वाघ मागे पडतो. काही वर्षांपूर्वी मात्र ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावात असा एक विषय उत्पन्न झाला की, आठ दिवस चघळूनही तो संपेना. हैदराबादेस कापडाच्या दुकानात नोकरी करणारा गावातील एक तरुण सणासाठी घरी आला, तो डोक्यावरचे केस तांब्याच्या रंगाचे करून. दोन्ही कानांवरचे केस जवळजवळ भादरलेले आणि माथ्यावर मात्र तांबूस झुबका, असा त्याचा थाट होता.

आमचे भीमपूर तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या अलीकडे वसलेले आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेलो, २०१४ साली तेलंगणात आलो आणि २०१६ साली गाव मंडलाचे ठिकाण झाले. राज्ये बदलली तरी घरातली मराठी बदलली नाही. कचेरीत तेलुगू, गुड्यांवर गोंडी आणि पारावर मराठी, असा आमचा व्यवहार चालतो. या भागातल्या बाजारात उभे राहिले, तर माणसांनी केस राखण्याच्या किती तऱ्हा असू शकतात, याचे प्रदर्शनच पाहावयास मिळते. मथुरा समाजाच्या वृद्ध स्त्रिया केसांचा बुचडा माथ्यावर उंच बांधून त्यावरून ओढणी घेतात. कोणी तिरुपतीहून नुकताच आलेला गुळगुळीत डोक्याने हिंडत असतो. कोणा वृद्धाची दाढी मेंदीने केशरी झालेली असते. इतक्या तऱ्हेची डोकी नित्य पाहणाऱ्या गावाला एका पोराच्या केसांचे एवढे अप्रूप का वाटावे, हा प्रश्न त्या वेळी आम्हांस पडला नाही. पडावयास हवा होता.

कारण त्या सायंकाळी आम्हीही पारावर होतो. पोरगा मारुतीचे दर्शन घेऊन निघाला, तोच एकाने विचारिले, “काहून रे बाबू, डोक्याले गंज चढला का?” दुसऱ्याने कोंबड्याच्या तुऱ्याची आठवण काढली. आमच्याकडे साऱ्यांचे डोळे वळले. कारण गावात चार पुस्तके वाचलेला आणि बोलण्यात हजरजबाबी अशी आमची ख्याती आहे. ती सांभाळण्यासाठी आम्ही म्हणालो, “यंदा गावाने आकाशकंदील विकत आणण्याचे कारण नाही. हा पारावर उभा राहिला की काम झाले.” त्या दिवशीचा सर्वांत मोठा हशा आमच्या वाक्याला मिळाला. पोरगाही हसला. परंतु हसता हसता त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि केसांवरून फिरून खाली आला, एवढे आमच्या लक्षात राहिले.

घरी आल्यावर आम्ही आरशासमोर उभे राहिलो. आमचे वय आता असे आहे की, दर पंधरा दिवसांनी कलप लाविल्याविना आम्ही चारचौघांत जात नाही. म्हणजे आमचाही रंग आमचा नव्हे. गंजाची उपमा देणाऱ्या गृहस्थांची दाढी मेंदीने रंगविलेली होती, आणि ती त्या पोराच्या केसांहून फारशी निराळी दिसत नव्हती. रंगाचे शास्त्रही कोणाची भीड राखीत नाही. केसाचा नैसर्गिक रंग त्यातील मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते द्रव्य फिके करून वर हवा तो रंग चढवितात, तेव्हा पोराचे केस तांबडे होतात. आणि पिकल्या केसावर काळे रसायन चढविले की म्हातारा तरुण होतो. दोन्ही कामे एकाच दुकानात, एकाच खुर्चीवर होतात. फरक इतकाच की, आम्ही रंग लावितो तो इतरांसारखे दिसण्यासाठी, आणि त्याने लाविला तो निराळे दिसण्यासाठी. लपविणाऱ्याला गाव क्षमा करते. दाखविणाऱ्याला करीत नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गुड्यावरून दंडारीचा मेळा आला. दिवाळीच्या दिवसांत आदिलाबाद प्रदेशातील गोंडांची पथके गावोगाव नाचत जातात, आणि त्यांत गुस्साडी असतात. मोरपिसांचा भला थोरला मुकुट डोक्यावर, अंगाला राख, खांद्यावर कातडे, तोंडाला खोटी दाढी, असे त्यांचे रूप असते. व्रत संपेपर्यंत ते स्नानही करीत नाहीत. या नृत्याचे गुरू, मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला अभिमान वाटला होता. २०२४ साली ते निवर्तले. तर त्या दिवशी गुस्साडी अंगणात आले आणि पारावरची तीच मंडळी उठून त्यांच्या पाया पडली. आम्हीही पडलो. डोक्यावर शेकडो मोरपिसे घेऊन नाचणारा माणूस आम्हांस विचित्र वाटला नाही. तो देवाचे माणूस वाटला. ते योग्यच आहे. परंतु चमत्कारिक डोके पाहून हसू येते, हे आमचे आदल्या दिवशीचे समर्थन तेथे उरले नाही. डोके कसे दिसते यावर आमचे हसू अवलंबून नव्हते. त्या दिसण्याला कोणाची आज्ञा आहे, यावर ते अवलंबून होते. मोरपिसांना परंपरेची आज्ञा होती. तांबड्या झुबक्याला एका पोराच्या हौसेखेरीज कोणाची नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सकाळी तो पोरगा न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला आणि त्याने सारे डोके भादरून घेतले. गाव चिडविते तर हे केस नकोतच, असा त्याचा सरळ हिशेब असावा. शहरात राहिल्याने दुसरा हिशेब तो विसरला. गुळगुळीत डोक्याने तो रस्त्याने निघाला, तशी ओट्यावरची एक म्हातारी धास्तावून उभी राहिली आणि म्हणाली, “काय झालं रे बाप्पा घरी?” दुसऱ्याने विचारिले, “बालाजीले जाऊन आला का?” तोवर बातमी त्याच्यापुढे धावत घरी पोचली होती. बाप तुरीच्या शेतातून येत होता. त्याने दारात मुलाचे ते डोके पाहिले. आमच्याकडे मुलगा सणावाराच्या दिवशी असे डोके करितो, तो बापाच्या दहाव्याला. बाप क्षणभर काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “अबे, मी जित्ता आहो ना अजून!”

आम्ही त्यांच्या शेजारीच राहतो. हे शब्द आम्ही आमच्या अंगणातून ऐकिले. त्या घरी त्या वर्षी लक्ष्मीपूजन झाले, पण फटाका वाजला नाही. भाऊबीज होण्यापूर्वीच पोरगा हैदराबादेस परत गेला. आणि आकाशकंदिलाचे ते वाक्य, जे आम्हांस मोठे चतुर वाटले होते, ते आमच्या कानांत फिरत राहिले.

एकाच मुंडनाचे तीन अर्थ त्या सकाळी आम्ही पाहिले. तिरुमलैच्या कल्याणकट्ट्यावर केस देऊन आलेल्या स्त्रीपुरुषांकडे आपण आदराने पाहतो. मृताच्या मुलाकडे सहानुभूतीने पाहतो. आणि ज्याच्या मुंडनाला यांतले कोणतेच कारण नाही, त्याच्याकडे संतापाने पाहतो. न्हाव्याचा वस्तरा तोच, डोक्याची कातडी तीच. मग हे केस असतात तरी कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरातच होते; आम्ही ते पुष्कळ वर्षे बंद करून ठेविले होते. आमच्या आईची आई बालविधवा झाली नव्हती, पण तरुणपणीच विधवा झाली. आमच्या लहानपणी तिला आम्ही तांबड्या आलवणातच पाहिले. ठराविक दिवसांनी न्हावी मागल्या दाराने येई, तेव्हा मुलांना पुढच्या अंगणात पिटाळीत. एकदा आम्ही बालबुद्धीने तिला विचारिले, “आजी, तुझे केस केवढे होते ग?” तिने उत्तर दिले नाही. तिने फक्त हात कमरेच्या खाली नेऊन दाखविला आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. कोकणी वाचकांना वेगळे सांगावयास नको. आबोलीच्या फातीसाठी केस असणे आणि नसणे, यांत बाईचे केवढे आयुष्य सामावलेले असते, हे गोव्यातल्या जुन्या घरांनीही पाहिले आहे. आजीच्या डोक्यावरचे केस तिचे नव्हते. ते आधी नवऱ्याचे होते आणि नंतर समाजाचे.

त्या अन्यायाविरुद्ध ज्यांनी आवाज उठविला, त्यांत वस्तरा धरणारे हातही होते, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन यापुढे आपण करणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. ज्यांची उपजीविका केस कापण्यावर, त्यांनी हे केस कापणार नाही म्हणावे, यांतले मोल ओळखावयास हवे. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी स्वतः केशवपन सोडून केस वाढविले. आपण हे का केले, याचा खुलासा त्यांना आपल्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात करावा लागला. ज्या बाई आश्रमाच्या कामासाठी १९१८ साली एकट्या अमेरिकेस गेल्या, त्यांच्याही डोक्यावरच्या केसांचा जाब विचारणारे लोक होते. एका पिढीचे जे ‘विपरीत’, ते पुढच्या पिढीच्या ध्यानातही राहत नाही. आज केस असलेली विधवा कोणास विचित्र वाटते?

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. केस काढण्याची जशी सक्ती, तशीच न काढण्याचीही. तेल-फणीवाचून केस गुंतत गेले, त्यांत धूळ आणि घाम साचला, की त्यांची जट होते. आपल्याकडे ती देवीची खूण ठरते. तिला कात्री लाविल्यास कोप होईल, अशी भीती घातली जाते, आणि बाई मानेला ओझे घेऊन जन्म काढिते. गावातले लोक तिला हसत नाहीत, उलट नमस्कार करितात. पण त्या नमस्काराखाली तिची मान अवघडलेली असते. हे केवळ आपल्याच देशाचे वैगुण्य आहे असे नाही. पोलंडमध्येही अशा जटेविषयी हीच समजूत होती. ती कापली तर रोग उलटेल, असे लोक मानीत. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे वैद्य यूझेफ डीट्ल यांनी, ही देवाची वा दैवाची करणी नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे, हे सांगून तिच्याविरुद्ध मोहीम चालविली. आपल्याकडे १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हे काम हाती घेतले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांच्यासारख्या कार्यकर्त्या बाईच्या घरी जाऊन, तिची आणि घरच्यांची समजूत घालून, मग तिच्या संमतीने जट सोडवितात. आम्हांस यांतली कात्री जितकी महत्त्वाची वाटते, तितकेच ते आधीचे बोलणेही. त्या बाईला तिचे केस कसे हवेत, हे कदाचित प्रथमच कोणी विचारलेले असते.

राजसत्तांनाही डोक्यांवरचा हा हक्क सोडवत नाही. मांचूंनी चीन जिंकला तेव्हा १६४५ साली फर्मान निघाले की, प्रत्येक पुरुषाने कपाळावरचे केस काढून मागे वेणी ठेवावी; केस राखील त्याचे डोके राहणार नाही. अडीचशे वर्षे ती वेणी राहिली, आणि १९११ च्या क्रांतीनंतर तीच वेणी कापण्यासाठी लोकांच्या मागे कात्र्या लागल्या. रशियाच्या पीटर बादशहाने १६९८ साली युरोपच्या प्रवासाहून परतल्यावर सरदारांच्या दाढ्या स्वहस्ते कापिल्या आणि पुढे दाढीवर कर बसविला. कर भरणाऱ्यास पावतीदाखल धातूचे बिल्ले मिळत. भीमपूरच्या पारावर बादशहा नव्हता आणि फर्मानही नव्हते. परंतु बारा माणसांचा हशा हा कराचाच एक प्रकार आहे. आणि त्या पोराने तो संध्याकाळी भरूनही सकाळी डोके दिलेच.

आम्ही स्वतः कधी हा कर भरला नव्हता, असेही नाही. १९७० नंतरची ती वर्षे. कान झाकणारे केस ठेवण्याची तेव्हा टूम होती आणि वडीलधारी मंडळी अशा मुलांना सरसकट ‘हिप्पी’ म्हणत. आमच्या वडिलांनी एके सकाळी आम्हांस दंडाला धरून न्हाव्यासमोर बसविले आणि ‘मशीन मार’ एवढेच सांगितले. ते अश्रू आम्हांस अजून आठवतात. मग ज्याने हे सोसले, त्याने पन्नास वर्षांनी पारावर बसून तेच करावे, हे कसे? आम्हांस वाटते, हा सासुरवासाचाच न्याय आहे. आपण मुकाट्याने वाकलो, ते वाकणे व्यर्थ नव्हते, असे मनाला पटविण्यासाठी आपण पुढच्याला वाकवितो.

तथापि गावाच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केस ही गावाची एक भाषा आहे. मुंडन पाहून म्हातारी धास्तावली, ती नसत्या चौकशीने नव्हे. शेजारच्या घरी मृत्यू झाला असेल तर धावून जावे, या माणुसकीने धास्तावली. बापाचे दुःखही खोटे नव्हते. त्याच्या मनाला ते डोके पाहून जे लागले, ते शतकानुशतकांच्या अर्थाने लागले. ज्याला या भाषेतला शब्द बदलावयाचा असेल, त्याला एक-दोन प्रश्नांची तयारी ठेवावी लागेल. परंतु विचारणे निराळे आणि हसणे निराळे. “हा रंग तुला का आवडला?” असे त्या पारावर एकानेही विचारिले नाही. विचारिले असते, तर कदाचित असे कळते की, दुकानात चांगली विक्री केल्याबद्दल मिळालेल्या पैशांतून त्याने आयुष्यात प्रथमच केवळ स्वतःच्या हौसेसाठी खर्च केला होता. हे आम्हांस पुष्कळ उशिरा, त्याच्या आईकडून कळले.

डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे संक्रांतीपर्यंत त्या पोराच्या माथ्यावर दोन बोटे काळे केस आले असतील. असतील म्हणावयाचे, कारण ते पाहावयास तो आला नाही. पुढल्या दिवाळीसही आला नाही. दुकानात गर्दी आहे, असा निरोप आला. दिवाळीत कापडाच्या दुकानात गर्दी असतेच, तेव्हा तो निरोप खोटा म्हणता येत नाही. बापाने तो खरा मानला की नाही, हे आम्ही त्याला विचारिले नाही.

त्यानंतरच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आम्ही न्हाव्याच्या दुकानात कलप लावून, टॉवेल पांघरून, तो वाळण्याची वाट पाहत बसलो होतो. त्या पोराचा बाप दाढीला आला. भिंतीवर रंगीत केसांच्या तरुणांची चित्रे लाविलेली असतात. तिकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने न्हाव्यास विचारिले, “असं कराले किती पैसे लागते?” न्हावी हसला आणि म्हणाला, “काका, तुम्हाले करायचं आहे का?”

“मले नाही,” तो म्हणाला. “पोराले फोन करतो. म्हणतो, पाहिजे तो रंग लावून ये, पण दिवाळीले ये.”

न्हाव्याने आमच्याकडे पाहिले. आमच्याकडून काहीतरी चतुर बोलणे येईल, अशी त्याची अपेक्षा असावी. आमच्या डोक्यावर कलप थापलेला होता आणि त्याचे काळे ओघळ कपाळावर उतरू लागले होते. आम्ही टॉवेलाच्या टोकाने ते पुसले, आणि त्या बापास म्हणालो, “फोन लागला म्हणजे आमच्याजवळही द्या. आम्हांसही त्याच्याशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.”